काळे रंगवलेले तीन मावळे

पत्रक लिहिण्याचा एक नियम असतो. पहिल्या ओळीत शत्रू कोण ते सांगायचं आणि शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं ते. मधे दम असला तर मुद्दे, नसला तर उद्गारचिन्हं. कॉलेजची चार वर्षं मी हेच केलं. मेसचं जेवण, वाढलेली फी, राखीव जागा, दिसेल त्यावर पत्रक. एक पान, दोन्ही बाजू. एस.टी. स्टँडवर उभं राहून वाटायचं आणि लोक त्यातच भजी बांधून नेतात तेही बघायचं. मी लिहायला शिकले ती अशी. दुसऱ्या प्रकारचं लिहिणं मला येतच नाही, हे कळायला न्यू जर्सीला जावं लागलं. आणि ते कळेपर्यंत एका दहा वर्षांच्या मुलीची एकुलती एक मैत्रीण दुरावली होती.

२००३ साल. मी सिव्हिलमध्ये एम.एस. करत होते आणि वेस्ट विंडसरला एका मराठी घराच्या तळघरात राहत होते. तळघर वाईट नव्हतं. गालिचा होता, हीटर होता. खिडकी मात्र जमिनीलगत, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. वर काका, काकू आणि त्यांची पाचवीतली मुलगी. घरात तिला छोटी म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. ती मला ताई म्हणायची, आणि त्यापुढचं बहुतेक सगळं इंग्रजीत.

आदल्या वर्षी काकांची नोकरी बदलली म्हणून ते मिशिगनमधल्या ट्रॉयहून इथं आले होते. इथल्या शाळेत भारतीय मुली ढिगानं होत्या, पण त्यांचे गट बालवाडीपासून पक्के. त्यांच्या वाढदिवसांना छोटीला बोलावणं नसायचं. पहिले दोन महिने ती बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे एकटी बसली. मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलीनं आपलं दप्तर उचलून मांडीवर घेतलं आणि जागा करून दिली. ती मुलगी काळी. अख्ख्या वर्गात तेवढी एकच काळी. तेव्हापासून दोघी चिकटल्या त्या चिकटल्याच. काकू मला एकदा म्हणाल्या, "बाई गं, ही मैत्री टिकू दे. हिला पुन्हा रडत शाळेत पाठवायची ताकद नाही माझ्यात."

हे मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

काका आयटीत होते, पण जीव युद्धशास्त्रात. हत्तींच्या लढायांपासून रणगाड्यांपर्यंत सगळं पाठ. जेवताना लोणच्याची बरणी घोडदळ व्हायची, मिठाची डबी तोफखाना, आणि आमटीच्या पातेल्याला डावीकडून वेढा पडायचा. त्या वर्षी टीव्हीवर खरंच युद्ध चालू होतं. इराकच्या नकाशावर बाण सरकायचे आणि काका म्हणायचे, "सप्लाय लाइन ताणली जातेय बघ यांची." बाणाखाली कोण आहे हे कुणी विचारायचं नाही. मी एक पत्रक लिहिलं, इंग्रजीत, आणि काकांच्या प्रिंटरवर छापायला टाकून आंघोळीला गेले. बाहेर आले तर काका कागदांचा गठ्ठा हातात धरून उभे.

"हे काय आहे?"

"पत्रक."

"ते दिसतंय मला. माझ्या प्रिंटरमधून का निघतंय?"

"युनिव्हर्सिटीत वाटायचंय."

"अगं ए, माझी ग्रीन कार्डची फाइल अडकलीय आणि तू स्टुडंट व्हिसावर. दोघांना एकाच विमानात बसवतील, तेही मधल्या सीटवर."

"बसवू देत."

"तू एकटा जीव, तुला काय! हिचं काय?" त्यांनी छोटीकडे बोट केलं. ती दुधात सीरियल बुडवत होती.

मी प्रिंटर बंद केला. एकच बाजू छापून झाली होती. कोऱ्या बाजूवर काकू पुढे कित्येक आठवडे किराण्याच्या याद्या करत होत्या. युद्ध काही थांबलं नाही. मी थांबले.

थांबलेला माणूस काहीतरी शोधतोच. पुलांची गणितं सोडून मी लायब्ररीत या देशाच्या जन्माची पुस्तकं काढू लागले आणि डोकं फिरलं. माणसं समान आहेत असं ज्यांनी लिहून ठेवलं त्यांच्याच घरी गुलाम राबत होते. नोटेवर ज्याचं चित्र आहे तो सेनापती स्वतः माणसांचा मालक, आणि स्वातंत्र्याच्या सबंध लढाईत त्याच्यामागून घोड्यावर त्याचा गुलाम. इंग्रजांच्या एका गव्हर्नरानं जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूनं लढतील ते मोकळे. ती दया नव्हती, डाव होता. शत्रूचे हात तोडायचे. मग इकडच्यांनाही काळे सैनिक चालायला लागले. काही मालकांनी तर स्वतःच्या जागी गुलामाला लढायला धाडलं. जिंकल्यावर राज्यघटना लिहिली, त्यात प्रतिनिधी ठरवण्यापुरता गुलाम धरला तीनपंचमांश माणूस. उरलेला दोनपंचमांश कुठं गेला?

हे मी जेवताना काढलं.

"असेल ना खरं," काका म्हणाले. "पण स्ट्रॅटेजीचा आणि याचा काय संबंध?"

"किल्ला कोण बांधतं, काका?"

"कुठला किल्ला?"

"कुठलाही. आमच्या गावावर गड आहे. त्याचा बुरूज उभा राहीना, तेव्हा पायात आमच्यातलं एक जोडपं जिवंत पुरलं, असं गावात सांगतात. ही स्ट्रॅटेजी नाही?"

काकांनी घोडदळ उचलून फडताळात ठेवलं. काकू म्हणाल्या, "जेवताना नको गं हे. आणि आमच्याकडे तसलं काही मानत नाहीत हं."

तसलं म्हणजे कसलं, ते मी बोललेच नव्हते.

दिवाळीत छोटीनं गॅरेजमध्ये किल्ला केला. मराठी घरातली पोरं करतातच. गोणपाट मिळेना म्हणून जुना टॉवेल चिखलात बुडवून डोंगरावर पसरला. वर हळीव पेरलं, ते तरारून उगवलं. पुण्याहून बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेली मातीची चित्रं मांडली. मावळे, एक सरदार, त्याचा घोडा, तोफा, दोन गवळणी आणि बुरुजाहून मोठा वाघ. दिवाळी संपली तरी छोटी किल्ला मोडू देईना, कारण शाळेत प्रोजेक्ट आलं होतं. जोडीजोडीनं स्वातंत्र्ययुद्धातल्या एका लढाईचा देखावा करायचा. जोडी ठरलेलीच होती.

"ट्रेंटन करा!" काका उठून उभेच राहिले. "नाताळची रात्र, बर्फानं भरलेली नदी, पलीकडे इंग्रजांचं भाडोत्री सैन्य निवांत. नोटेवरचा तो सेनापती गपचूप नदी ओलांडतो आणि सकाळी छापा! गनिमी कावा आहे हा, आपला!"

"बाबा, इट्स नॉट आपला."

ती नदी आमच्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर. तिच्या काठी असला डोंगर नाही, आणि डिसेंबरात हिरवळ तर नाहीच नाही. पण हातात तयार डोंगर असताना तो मोडणार कोण? पायथ्याशी निळं प्लॅस्टिक अंथरलं. मैत्रिणीनं मेणबत्त्या वितळवून बर्फाचे तुकडे केले. हळिवावर मैदा भुरभुरला.

"वाघ कशाला?" मैत्रिणीनं विचारलं.

"वाघ असतोच," छोटी म्हणाली.

"ओके." वाघ राहिला.

नाव मैत्रिणीच्या आजोबांनी केली होती. ते पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवायचे. वीतभर लांबीची नाव, आत बसायच्या फळ्या, चार वल्ही, सगळं घासून गुळगुळीत. बुटांच्या खोक्यात, रुमालात गुंडाळून आली. दोघींनी नावेच्या टोकाला दोन गवळणी टेकवल्या.

"ह्या आम्ही," मैत्रीण मला म्हणाली. "मी कॅप्टन. मोठं मडकं आहे ती छोटी."

"मडकं मलाच का?"

"कारण त्यात स्नॅक्स आहेत."

दोघी हसून हसून फरशीवर लोळल्या. मी ड्रायरमधले कपडे घ्यायला तिथून चालले होते. छोटीनं हाक मारली, "ताई, कॅप्शनला हेल्प कर ना."

मी कपड्यांची बास्केट खाली ठेवली आणि सुरू झाले. गव्हर्नर, सेनापती, मालकाऐवजी लढलेला गुलाम, तीनपंचमांश, सगळं सांगितलं. मी चांगलं बोलते. मैत्रीण मेणाचा तुकडा नखानं कुरतडत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "ते आम्ही फेब्रुवारीत करतो." इथल्या शाळांत फेब्रुवारी हा काळ्यांच्या इतिहासाचा महिना.

"फेब्रुवारीतच का?" मी म्हटलं. "बारा महिने करा!"

तिनं मेणाचा तुकडा खाली ठेवला. मला वाटलं, पोरगी विचार करतेय. मग तिला घरी बोलावणं आलं आणि ती गेली.

"ही नाव वल्हवतंय कोण?" मी छोटीला विचारलं.

"आम्ही."

"खेळातलं नको. खरं सांग."

खरं हे होतं की त्या नावा वल्हवणाऱ्या कोळ्यांत काळे होते. मी गवळणी उचलून जॅकेटच्या खिशात टाकल्या. उरलेल्या मावळ्यांतले तीन काढले आणि काकांच्या बुटाचं काळं पॉलिश आणलं.

"ब्राउन करू या ना," छोटी म्हणाली. "तिचा कलर असा नाहीये."

"तिचा कुठं करतोय आपण? काळाच कर. त्यात लपवायचं काय?"

दोघं वल्ह्यांवर बसवले, एक सेनापती केलेल्या सरदाराच्या मागं घोडा धरून उभा केला. मग मी कॅप्शन सांगितलं आणि छोटीनं गोल गोल अक्षरात लिहून काढलं. पहिली ओळ होती, शत्रू नदीपलीकडे नव्हता, तो नावेतच होता. शेवटची ओळ, विचार करा. पुढे तीन उद्गारचिन्हं.

"तिला फोन करून विचारू?" छोटी म्हणाली. "आमचं दोघींचं प्रोजेक्ट आहे."

"खरं सांगायला कुणाची परवानगी लागत नाही," मी म्हटलं. हे वाक्य मी आधीही एका पत्रकात वापरलं होतं. तिथं ते चांगलं चाललं होतं.

शाळेच्या हॉलमध्ये दुपारी प्रदर्शन होतं. काका सुट्टी घेऊन आले होते. किल्ला गाडीतून आणताना त्यांनी मला मागे बसवून डोंगर धरायला लावला. मांडून होतो न होतो तोच एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, "ट्रेंटनला डोंगर कुठं आहे?" काका त्यांना छाप्याचं तंत्र समजावून सांगू लागले. मैत्रीण अजून यायची होती. ती आली ती आजोबांचा हात धरून. आजोबा टाय लावून आले होते, नाव बघायला.

ती टेबलाशी पोचायच्या आत वर्गातली मुलं पोचली होती. एकानं नावेत बोट घातलं आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "हे, दॅट्स यू!"

दुसरा म्हणाला, "कुठली? वल्हं मारतेय ती का घोडा धरलेली?"

सगळा घोळका तिच्याकडे वळला.

इथं मला एक सांगायला हवं. सातवीत आमच्या शाळेत अस्पृश्यतेचा धडा होता. गुरुजींनी मथळा वाचला की पन्नास मुलांच्या माना वळायच्या आणि बाकं करकरायची. मी खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर. गुरुजी चांगले होते, कळवळून शिकवायचे. जितकं कळवळून शिकवायचे तितका वेळ त्या माना वळलेल्या राहायच्या. पुढच्या इयत्तांत तसला धडा कधी येणार ते मी अनुक्रमणिकेत बघून ठेवायचे आणि त्या दिवशी पोट दुखतंय म्हणायचे. हे सगळं मला माहीत होतं. कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि तरी त्या हॉलमध्ये मीच गुरुजी होते.

मैत्रीण त्या मुलांना ओलांडून टेबलाशी आली. छोटीला म्हणाली, "हे तू केलंस?"

छोटीनं माझ्याकडे बघितलं.

"आपण कुठं गेलो?" मैत्रिणीनं विचारलं. "मी कॅप्टन होते ना. आपण कुठं गेलो?"

गवळणी माझ्या खिशात होत्या. आदल्या दिवसापासून तिथंच. मी हात खिशात घातला, पण बाहेर काढला नाही.

आजोबांनी चष्मा लावला आणि कॅप्शन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हटलं. खोटं का सांगू, त्या क्षणीही माझा आवाज ताठ होता.

"यातलं काही खोटं नाही," ते म्हणाले. "पण नाव मी नातीला केली होती."

त्यांनी नावेतले दोन्ही मावळे उचलून टेबलावर ठेवले, अगदी हलक्या हातानं, कुणाचं तरी सामान असल्यासारखे. नावेतलं मेण पुसलं, ती रुमालात गुंडाळली. खोकं घरी राहिलं होतं म्हणून कोटाच्या खिशात घातली. ती मावत नव्हती, अर्धी बाहेर होती. नातीचा हात धरून ते गेले. बाईंनी येऊन कॅप्शनचा कार्डबोर्ड आडवा केला. काका अजून डोंगराबद्दलच बोलत होते; वळून बघतात तर निळ्या प्लॅस्टिकवर काहीच नाही.

परत येताना गाडीत मी पुन्हा मागे बसून डोंगर धरला. काका ओरडले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते. भांडता मला येतं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मैत्रिणीचं दप्तर शेजारच्या सीटवर होतं. तिनं ते उचललं नाही. छोटी घरी आली ती सरळ तळघरात. दप्तरही न काढता म्हणाली, "फिक्स इट."

"मी पत्र लिहिते तिला."

"तिला नाही. मला तू लिहून दे, मी देते. माझं वाटलं पाहिजे."

मी बसले. पहिल्या मसुद्यात गुलामगिरीचा उल्लेख दुसऱ्या ओळीला आला. तो फाडला. दुसऱ्यात त्या दोन मुलांचा निषेध आला. तिसऱ्यात आमचं गाव, गड आणि बुरुजाखालचं जोडपं. चौथ्यात मी स्वतःला शत्रू केलं. तेही पत्रकच झालं, फक्त शत्रू बदलला. साधं 'चुकलं, मला तू हवी आहेस' एवढं दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडचं वाक्य माझ्या हातून उतरेना. उतरलं की खाली 'कारण' हा शब्द यायचा आणि मग मुद्दे.

शेवटी मी गवळणी घेऊन मैत्रिणीच्या दारात गेले. तिच्या आईनं दार उघडलं. कोट अंगावर, हातात अजून गाडीची किल्ली. मी म्हटलं, "मला समजावून सांगायचंय. आमच्याकडेही आम्हाला..."

त्यांनी किल्लीचा हात जरासा वर केला. "आज नको," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी आत्ता कामावरून आलेय. तुम्ही मुद्दाम केलं नाही, माहितेय मला. तुमचं ऐकायचं, मग तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी बोलायचं. आज नाही होणार माझ्याच्यानं."

"आणि मुलगी?"

"तिला सध्या बोलायचं नाहीये. मी तिला जबरदस्ती करणार नाही."

दार हळूच लागलं. आपटलं असतं तर माझ्यासाठी सोपं होतं.

त्या आठवड्यात काकूंनी किल्ला मोडायला काढला. छोटीनं तीन मावळे बेसिनमध्ये नेऊन साबणानं घासले. पॉलिश निघालं, त्याबरोबर डोळे आणि मिशाही निघाल्या, मग माती सुटायला लागली. ती घासतच राहिली. काकूंनी मागून येऊन नळ बंद केला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला सांगितलं होतं मी." बस्स, एवढंच.

कॅप्शनमधलं एक अक्षरही मी आज मागं घेणार नाही. ते खरं होतं, आणि या देशानं ते बारा महिने ऐकलं पाहिजे. पण त्या खरेपणाचा त्या पोरीला काडीचा उपयोग नव्हता, आणि छोटीलाही नव्हता. हे दोन्ही एकाच वेळी कसं लिहायचं ते मला अजून जमलेलं नाही.

पत्र मी दिलंच नाही. छोटीनं वाट बघितली आणि मग स्वतःच काहीतरी केलं. मी परत दिलेल्या गवळणींतली एक, छोट्या मडक्याची, पाकिटात घातली आणि शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या घराच्या टपालपेटीत ठेवून आली. चिठ्ठी नाही, काही नाही. मोठ्या मडक्याची स्वतःकडे ठेवली. मला हे काकूंकडून कळलं.

मी मे महिन्यापर्यंत त्या घरात होते. रोज साडेतीनला बस थांबायची. तळघराच्या खिडकीतून मला पायच दिसायचे. आधी कोपऱ्याकडे जाणारे एक जोडी बूट, भरभर. मग छोटीचे. ते आमच्या टपालपेटीपाशी थांबायचे, टाचा वर व्हायच्या, पेटीचं झाकण वाजायचं. टाचा खाली यायच्या. मग बूट घराकडे वळायचे.